तेलात कालवलेलं कुंकू

मी आयुष्यभर जे काम केलं त्याला लोक 'ते बारकं काहीतरी' म्हणतात. पुण्यात आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही गाड्यांच्या कंपनीत नेमकं काय करता?" मी म्हटलं, "दाब मोजतो." ते म्हणाले, "म्हणजे टायरमध्ये हवा भरता?" मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या गृहस्थांशी मी पुढे बरेच दिवस लिफ्टमध्ये बोललो नाही.

गाडीत जिथं काही कोंडलेलं असतं तिथं दाब असतो. इंजिनातलं तेल, ब्रेकची हवा, डिझेलची नळी, सगळीकडं. तो किती आहे हे ड्रायव्हरला कळावं म्हणून तिथं बोटभर लांबीची एक वस्तू बसवतात, तिला सेन्सर म्हणायचं. तिच्या पोटात पातळ पडदा असतो. दाब पडला की पडदा वाकतो आणि तो किती वाकला ते विजेच्या तारेनं पुढं कळतं. तीस वर्षं मी असले पडदे वाकवत बसलो. तेलाचे केले, ब्रेकचे केले, चाकात बसणारेही केले. काही माझ्या नावावर पेटंट आहेत, त्यांची चौकट करून भिंतीवर लावायची बायकोची फार इच्छा होती, मी लावू दिली नाही. पण त्या सगळ्यांचं मूळ एका सेन्सरात आहे, आणि तो माझ्या मायमुळं झाला. कंपनीत हे मी कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

आमचं गाव वडवणीजवळ. वडील तालुक्याच्या सहकारी दूध संघात टँकरवर ड्रायव्हर होते. मी आठवीत असताना त्यांना कावीळ झाली आणि ते गेले. संघानं मायला गॅरेजात कामावर घेतलं. झाडलोट करायची, पाने पुसून पेटीत लावायचे, गाड्या धुवायच्या, सगळ्यांचा चहा करायचा. तिचं नाव वच्छलाबाई. गॅरेजचे मिस्त्री बंकटमामा, म्हणजे सख्खे मामा नव्हेत, पण त्यांनी मला सख्ख्यासारखंच रागावून वाढवलं. शाळा सुटली की मी गॅरेजात येऊन जुन्या टायरवर बसून अभ्यास करायचो. माझं अर्धं इंजिनिअरिंग तिथंच झालं, औरंगाबादच्या कॉलेजानं उरलेलं अर्धं शिकवलं आणि फी मात्र पूर्ण घेतली.

पुण्याच्या कंपनीत लागल्यावर काही वर्षं मी दुसऱ्यांची चित्रं पुसून परत काढत होतो. मग दोन हजार तीनमध्ये माझा स्वतःचा असा पहिला सेन्सर तयार झाला. ट्रकच्या इंजिनाला हवा लागते, ती एका मोठ्या फिल्टरातून गाळून आत जाते. धुळीच्या रस्त्यावर फिल्टर बुजतो, इंजिनाचा जीव गुदमरतो, डिझेल जास्त जळतं. फिल्टर बुजला की ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागावा, एवढंच माझ्या सेन्सरचं काम. इंजिन आतून हवा किती जोरानं ओढतंय आणि बाहेरची हवा कशी आहे, या दोन्हींची तो तुलना करायचा. त्यासाठी त्याला बाहेरची हवा आत घेणारं एक सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं. सेन्सरचं तोंड गोल, काळं, रुपयाएवढं, आणि बरोबर मध्ये ते छिद्र. छिद्राला आतून एक झिरझिरीत कागदासारखं कापड होतं, त्यातून हवा जाई पण पाणी जात नसे. ते मला फार आवडायचं. चित्रात तो सेन्सर अगदी देखणा दिसायचा.

त्याची धुळीत परीक्षा घ्यायची होती. मोठे साहेब म्हणाले, राजस्थानात जा. मी म्हटलं, इतक्या लांब कशाला, आमच्या जिल्ह्यात काय धूळ कमी आहे?

त्या वर्षी आमच्याकडं दुष्काळ होता. पाऊस तोंड दाखवून गेला होता. जनावरं चारा छावणीत होती, दूध आटलं होतं आणि संघाचे टँकर गॅरेजपुढं रिकामे उभे होते. मग कलेक्टर ऑफिसनं तेच टँकर गावांना पाणी पोचवायला लावले. पोटावर 'शुद्ध ताजे दूध' असं लिहिलेल्या टँकरातून तलावातलं गढूळ पाणी गावोगाव जायचं. पोरं हंड्यात डोकावून मलई आली का बघायची. सहा टँकर होते, पुढं नाक असलेल्या जुन्या गाड्या, दिवसभर फुफाट्यातून धावणाऱ्या. परीक्षेला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती.

नवरात्र बसायच्या आधी मी सेन्सर घेऊन गेलो आणि सहाही गाड्यांना बसवले. ड्रायव्हर, मिस्त्री सगळे जमले होते. मी जरा साहेबी आवाजात सांगितलं, "हे बघा, विजेची वस्तू आहे. याला पाणी लागू देऊ नका."

माय झाडू घेऊन मागं उभी होती. सगळे पांगल्यावर जवळ आली. जास्तीचा आणलेला एक सेन्सर तळहातावर घेतला.

"हे तू केलंस?"

"हो."

"समदं?"

"समदं."

"बारकं हाय," ती म्हणाली. म्हणजे मायसुद्धा. पण तिनं तो पदरानं पुसला आणि मगच मला परत दिला. तो नवा कोरा होता, पुसायची काही गरज नव्हती.

मी पुण्याला आलो. दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांत बंकटमामांचा फोन आला. "तुझा दिवा लागायलाय बे. फिल्टर साफ केला तरी लागायलाय."

आधी मला वाटलं, एखादी तार सैल असेल. पण एक नाही, सहाही गाड्यांचं तेच. सकाळी सगळं ठीक. ऊन चढलं की लाल दिवा. ड्रायव्हर बिचारा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फिल्टर काढायचा, झटकायचा, परत लावायचा. दिवा जळतोच आहे. संध्याकाळी आपोआप विझायचा. मामांनी सगळ्यांना सक्त सांगून ठेवलं होतं की दिवा लागला की गाडी थांबवायची, माझ्या शब्दाखातर. त्यामुळं टँकर उशिरा पोचायचे आणि गावातल्या बाया विहिरीच्या काठाला हंडे लावून उन्हात बसायच्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो मी माझ्या हातानं नेऊन बसवला होता.

साहेब म्हणाले, "ट्रक बनवणाऱ्यांची माणसं या महिनाअखेर येतायत. आपला सेन्सर घ्यायचा की दुसऱ्याचा, ते तेव्हा ठरणार. कारण शोधून या." मग थोडं थांबून म्हणाले, "कारण आपल्या बाजूचं नसेल तर बरं."

गेलो. सटवा नावाच्या ड्रायव्हरबरोबर गाडीत बसलो. सटवा वडलांच्या हाताखाली शिकलेला, मला लहानपणापासून ओळखणारा. तलावावर टँकर भरला आणि कपिलधारच्या बाजूच्या एका गावाकडं निघालो. ऊन डोक्यावर आलं आणि समोर लाल दिवा लागला.

"आला बग तुजा पाव्हना," सटवा म्हणाला. "ह्येला ऊन बादतंय का काय?"

गाडी थांबवून बॉनेट उघडलं. सेन्सरच्या तोंडावर धुळीचा चॉकलेटी रंगाचा पापुद्रा बसला होता. बाकी कुठं इतकी धूळ नव्हती, नेमकी तिथंच. मी नखानं खरवडलं. खाली लाल निघालं. वास घेतला. गोडेतेलाचा.

कुंकू होतं. तेलात कालवून, बरोबर मधोमध लावलेलं, माणसाच्या कपाळावर लावतात तसं.

मला तिथंच सगळं उलगडलं. छिद्र बुजलं होतं. आतली हवा आत अडकली होती. सकाळी गार असताना ती गुमान बसायची. इंजिन आणि ऊन मिळून तापायला लागलं की फुगायची आणि पडद्याला रेटायची. सेन्सरला वाटायचं, फिल्टर बुजलाय. गाडी धडधाकट, फिल्टर स्वच्छ, आणि हा शहाणा बोंब मारायचा. आधी मला हसू आलं. मग राग आला, आणि तो हसण्यापेक्षा बराच मोठा होता.

"कुणी लावलं हे?"

"मला म्हाईत न्हाई बाबा. दसऱ्याला रतनवैनीनं पूजा केली, आमी नारळ फोडला. बास."

गॅरेजात आलो तो ओरडतच आलो. रतनबाई म्हणजे बंकटमामांची बायको, मी त्यांना मामी म्हणायचो. त्या मागच्या खोलीतून हात पुसत आल्या.

"म्या बानेटला लावलं, श्टेरिंगला लावलं अन् पान्याच्या पेटीला लावलं," त्या म्हणाल्या. "ओल्या बोटानं. आत कशाला जाऊ म्या?"

"मग तेलात कालवून कुणी लावलं? तेलात कुणी कुंकू कालवतं का? पाण्याचं असतं तर वाळून झडून तरी गेलं असतं. थोडी तरी अक्कल..."

"म्या लावलं."

माय. टायरांच्या ढिगाजवळ, हातात झाडू.

इथं जरा थांबून सांगायला हवं. संघाच्या गॅरेजात दसऱ्याची पूजा मोठी व्हायची. आदल्या दिवसापासून सगळी तयारी माय करायची. गाड्या पुसायची, त्या वर्षी पाणी नव्हतं तर ओल्या फडक्यानं पुसल्या. झेंडूच्या माळा ओवायची, ताट मांडायची, वाती करायची, आपट्याची पानं निवडून ठेवायची. आणि हळदी-कुंकवाचं ताट उचललं गेलं की ती हळूच मागं सरकायची, टायरांच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहायची. विधवा बाईनं कुंकवाला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. मी लहानपणापासून तिला दर दसऱ्याला त्याच जागी उभी बघत आलो होतो.

"तू म्हणलतास, पानी लागू दिऊ नका," ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "म्हणून तेलात कालवलं. रतनबाईनं वरून लावलं. आतल्याला कुणीच लावलं न्हाई. तू केल्यालं, अन् त्येला कुणी लावलं न्हाई. बानेटच्या आत कोण बघतंय? म्हणलं, यवडं आपुन लावावं."

तिनं झाडू टायरांना टेकवून ठेवला.

"लोकांचं पानी आडलं माज्यामुळं," ती म्हणाली. "आमच्यासारखीनं लावू न्हाई म्हणत्यात, ते काय उगं न्हाई म्हणत."

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मला रडू येत होतं आणि एवढ्या माणसांसमोर ते येऊ द्यायचं नव्हतं. मी तिला छिद्र दाखवलं. हवा कशी अडकते, कशी फुगते, सगळं सांगितलं. चूक छिद्राची आहे, तिच्या हाताची नाही, हे तीन प्रकारांनी सांगितलं. ती मान डोलवत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "लेक हायस. तू तसंच म्हनणार."

सटवा समजूत घालायला पुढं झाला. "वैनी, कावळा बसाया अन् फांदी मोडाया एक गाठ पडली, दुसरं काय न्हाई." मला त्याचाच राग आला. फांदी अशीतशी मोडलेली नव्हती. ती कशानं मोडली ते मला पक्कं ठाऊक होतं, फक्त ते कावळ्याला पटवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाही सेन्सर पेट्रोलनं साफ केले, छिद्रं मोकळी केली. दिवसभर एकही दिवा लागला नाही. ड्रायव्हर खूश, मामा खूश. आणि मायचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय. तिनं लावलेलं कुंकू पुसलं आणि गाड्या नीट चालल्या. यापेक्षा उघड पुरावा तिला कुठला हवा होता?

रात्रभर मला झोप आली नाही असं काही झालं नाही, मी चांगला झोपलो. पण सकाळी उठलो तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं. मी रतनमामींकडं गेलो.

"मामी, एका गाडीच्या सेन्सरला तुम्ही कुंकू लावा. गोडेतेलात कालवून. मधोमध."

"अन् मग?"

"दुपारी दिवा लागेल."

त्यांना कळायला क्षणभर लागला. "म्हंजी माज्या हातानंबी गाडी आडंल?"

"अडायलाच पाहिजे."

बंकटमामा मधे पडले. दसरा होऊन गेला, आता कशाला, सवाष्ण बाईच्या कुंकवाची कुठं अशी परीक्षा बघतात का, असं बरंच काही बोलले. मामींनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत गेल्या, वाटीत तेल घेऊन आल्या. सटवाच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं आणि भरपूर कुंकू लावलं.

दुपारी गाडी गॅरेजपुढं उन्हात चालू करून ठेवली. माय झाडत होती, पण त्याच दोन फरशा झाडत होती. थोड्या वेळानं लाल दिवा लागला.

रतनमामी गाडीच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. "बगा वच्छलाबाई. म्याबी तसलीच निगाले."

माय हसली. थोडीशी. मग झाडू घेऊन मागं गेली. मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "रतनबाई लई मनाची बाई हाय. माज्यासाटी तिनं सवताच्या कुंकवाला नाव ठिवून घेतलं."

"पण पटलं ना? हात कुणाचा का असेना."

"पटलं की. त्या वस्तूला कुणीच लावू न्हाई. आता न्हाई कुणी लावनार." तिनं ताटात ठेचा वाढला. "जेव."

पटलं होतं आणि काहीच बदललं नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं एका वस्तूला कुंकू लावलं, आणि नेमकी तीच कुंकू न सोसणारी निघाली. आणि ती वस्तू मी केलेली होती.

पुण्यात साहेबांना आनंद झाला. "म्हणजे सेन्सर चांगला आहे! गिऱ्हाइकानं छिद्र बुजवलं. आपण सूचना छापू, यावर काही लावू नये. झालं काम."

मी म्हटलं, "साहेब, या देशात दसऱ्याला कुंकू लागत नाही अशी गाडी दाखवा. आपली कंपनीसुद्धा मशीनला लावते. जिथं गाडीची पूजा होते तिथं गाडीच्या कपाळावर भोक ठेवलं, हे माझं चुकलं. हा सेन्सर नापास आहे."

"ट्रकवाले वर्षभर थांबणार नाहीत."

"नका थांबू म्हणावं."

मी जरा जास्तच जोरात बोललो असेन. ट्रकवाले खरंच थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कंपनीचा सेन्सर घेतला. माझ्याबरोबर लागलेला एक जण त्या वर्षी माझा साहेब झाला. तो मला एकदा म्हणाला, "एक सूचना छापली असती तर काय बिघडलं असतं?" मला नवा सेन्सर करू देत होते, तेवढं पुरेसं होतं.

कल्पना सोपी होती, जमवायला वर्ष गेलं. छिद्र तोंडावरून काढूनच टाकलं. सेन्सरची तार जिथून निघते तिथूनच, तारेच्या वेष्टणाच्या आतून, बारीक वाट काढून त्याला हवा दिली. ती वाट ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत जायची. इंजिनाजवळ काहीही लावा, काहीही सांडा, त्याला श्वास मिळत राहणार. पहिल्या तारा वाकवल्या की आतली वाट दबायची. मग वेगळं वेष्टण, मग वेगळी जोडणी. साहेब अधूनमधून येऊन विचारायचे, अजून झालं नाही? पी हळद अन् हो गोरी, अशातला त्यांचा प्रकार. मी बाजारातून कुंकवाची पुडी आणि गोडेतेलाची बाटली आणून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली होती. पोरं हसायची. पुढं त्या परीक्षेला सगळे 'दसरा' म्हणायला लागले. आमच्याकडचा कुठलाही सेन्सर दसऱ्यातून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, आजही.

पुढच्या वर्षी थोडा पाऊस झाला. निम्मे टँकर परत दुधावर गेले, निम्मे अजून पाणी वाहत होते. दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी नवे सेन्सर बसवले. तोंड कोरं, काळं, गुळगुळीत.

मायला घरी म्हटलं, "या वेळी लाव."

"नगं."

"कावून?"

"एकदा झालं तेवढं बास. तुजं काम पुन्ना बिगडायचं."

"माय, वर्षभर मी दुसरं काही केलं नाही. तू लावलेलं त्याला चालावं, एवढंच काम केलं."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "कंपनीचं काम सोडून?"

"कंपनीचं कामच ते होतं."

तिनं ते लाकूड परत आत सारलं.

दसऱ्याला गॅरेजपुढं सगळे जमले. गाड्यांना माळा होत्या. ताट उचललं गेलं आणि माय नेहमीसारखी टायरांच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिली. रतनमामींनी बॉनेटला लावलं, स्टेअरिंगला लावलं, पान्यांच्या पेटीला लावलं. मग ताट खाली ठेवायचं सोडून त्या सरळ टायरांकडं चालत गेल्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ताट मायच्या हातात दिलं.

"आतलं तुमचं," त्या म्हणाल्या.

मायनं आधी माणसांकडं बघितलं. बंकटमामा बॉनेट उघडून धरून उभे होते, पुढं बघत. सटवानं टोपी काढून परत घातली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"पान्यात का तेलात?"

"तुझ्या मनानं."

तिनं तेलात कालवलं. पहिल्या गाडीला अगदी थोडं लावलं, भीत भीत. दुसऱ्या गाडीला बोट नीट टेकवलं. शेवटच्या गाडीला पोचेपर्यंत सेन्सरचं सगळं तोंड लाल झालं होतं.

आणि मग ती सटवाच्या गाडीत चढून बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो. तलावावर टँकर भरला, गावाकडं निघालो, ऊन डोक्यावर आलं. ती काचेतून बाहेर बघत नव्हती, समोरच्या त्या दिव्याच्या जागेकडं बघत होती. गावात पाणी विहिरीत सोडलं, बायांनी पोहरे टाकले, परत फिरलो. दिवा लागला नाही.

"दिवाच बिगाडला आसंल," ती म्हणाली.

सटवानं गाडी थांबवली, चावी बंद करून परत फिरवली. गाडी सुरू होताना सगळे दिवे एकदा लागतात, तसा तो लाल दिवा लागला आणि विझला.

"चांगला हाय वैनी. त्येला काय बोलायचंच न्हाई आज."

"आस्सं," माय म्हणाली. मग गॅरेज येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली.

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. आपट्याची पानं तिनंच निवडून ठेवली होती. ती पानांची टोपली घेऊन उभी राहिली तेव्हा रतनमामींचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. उजव्या हाताचं बोट तेल-कुंकवानं अजून लाल होतं. गेल्या दसऱ्याला हेच बोट तिनं, कुणाला दिसायच्या आत, पदराच्या आतल्या बाजूला पुसलं असणार.

"बोट पुसून घ्या वच्छलाबाई."

मायनं बोटाकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि सोनं वाटायला लागली. बंकटमामांना दिलं, सटवाला दिलं, ड्रायव्हरांना दिलं, मला दिलं. प्रत्येकाच्या पानाला थोडं थोडं लाल लागलं आणि कुणीही ते पुसलं नाही.